मानखुर्दला एक जहाज आहे!

हार्बर लाइनवरून वाशीला जाताना आपण मानखुर्द बघतो ते लोकलच्या खिडकीतून, तेही कानात इअरफोन घालून. पण देशभरातल्या नौसैनिकांच्या नोकरीचा सगळा हिशेब याच मानखुर्दमध्ये ठेवला जातो, हे किती जणांना माहीत असेल? त्याच मानखुर्दच्या एका वन बीएचकेमधली ही गोष्ट...

मामाचा फोन म्हणजे मोजून तीन वाक्यं. ‘कशी आहेस? रविवारी ये. मटण आहे.’ या वेळी मात्र चौथं वाक्य आलं. ‘आणि जरा त्याला समजाव.’

‘त्याला’ म्हणजे माझ्या मामेभावाला. नुकतीच बारावी झालीय, फिजिक्स-मॅथ्समध्ये चांगले मार्क्स आहेत, इंजिनीअरिंगची अॅडमिशन जवळपास हातात आहे. आणि पठ्ठ्याने घरात जाहीर करून टाकलं, ‘मी नेव्हीत जाणार. अग्निवीर!’

आता गंमत बघा. माझा मामा स्वतः बावीस वर्षं नेव्हीत होता. १९९७ मध्ये भरती झाला, २०१९ मध्ये चीफ पेटी ऑफिसर म्हणून बाहेर पडला. दिवाणखान्यात टीव्हीच्या वर आयएनएस विराटचा फोटो आहे, आणि तो आजी-आजोबांच्या फोटोपेक्षा मोठा आहे. अशा माणसाला मुलाने नेव्हीत जायला नको? आणि त्याला समजावायला कोण, तर मी? कारण काय, तर ‘तू मास कॉम केलंयस, तुला बोलता येतं.’

मी गेले. मटण खाल्लं. आणि समजावायचं राहिलं बाजूला, उलट मीच प्रश्न विचारत बसले. कारण लक्षात आलं, की लहानपणापासून मामाला पांढऱ्या कपड्यांत बघूनसुद्धा तो नक्की काय करतो हे मला कधी ठाऊकच नव्हतं. आपल्याला ‘नेव्ही’ म्हटलं की आठवतो तो सिनेमातला रुबाबदार कॅप्टन. पण नौदलात एका ऑफिसरमागे साधारण सहा सेलर असतात. इंजिन चालवणारे, रडार बघणारे, तोफा सांभाळणारे, स्वयंपाक करणारे. त्यांच्यावर कोणी सिनेमा काढत नाही!

न हलणारं जहाज

सुरुवात पत्त्यापासून करू. सायन-ट्रॉम्बे रोडवर मानखुर्दला नौदलाचा तळ आहे, आयएनएस तानाजी. आयएनएस म्हणजे खरं तर जहाजाच्या नावाआधी लागणारी अक्षरं. मग इमारतींना का? तर नौदलाची रीतच अशी, की किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजच मानायचं. मालाडचं हमला, कुलाब्याचं कुंजाली, लोणावळ्याचं शिवाजी, ही सगळी जमिनीवरची ‘जहाजं’. तिथल्या फरशीला ‘डेक’ म्हणायचं, भिंतीला ‘बल्कहेड’, स्वयंपाकघराला ‘गॅली’, टॉयलेटला ‘हेड्स’. गेटबाहेर वडापाव खायला गेलात तरी तुम्ही ‘अशोर’ गेलात, आणि त्या सुट्टीचं नाव ‘लिबर्टी’. मामा रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी भाजी आणायला निघताना मामीला म्हणतो, ‘लिबर्टीवर जातोय.’

सिंहगड सर करणाऱ्या तानाजींच्या नावाने समुद्री तळ, हे मला आधी थोडं विनोदी वाटलं होतं. मामाने एका वाक्यात गप्प केलं. ‘तेही घोरपड लावून चढले म्हणतात. आम्हीपण शिडीवरच जगलो.’

याच भागात, चित्ता कॅम्पला, ‘ब्युरो ऑफ सेलर्स’ आहे. एक कमोडोर या ऑफिसचा प्रमुख असतो. तुम्ही केरळचे असा, हरयाणाचे असा किंवा रत्नागिरीचे, सेलर म्हणून भरती झालात की तुमची सर्व्हिस फाइल इथली. तुमची बदली, म्हणजे नेव्हीच्या भाषेत ‘ड्राफ्ट’, आणि प्रमोशनचा क्रम इथून ठरतो. नौसैनिकांच्या पेन्शनचं ऑफिससुद्धा आयएनएस तानाजीतच. त्यामुळे देशातल्या कुठल्याही खेड्यातल्या म्हाताऱ्या नौसैनिकाच्या घरी एक पत्ता सापडतो : मानखुर्द, मुंबई ४०० ०८८. ज्याने आयुष्यात मुंबईची लोकल पाहिली नाही, त्यालाही मानखुर्द पाठ!

आणि मामाच्या नशिबाचा विनोद असा, की तो मानखुर्दला राहायला आला आणि सहा महिन्यांत मानखुर्दहून ड्राफ्ट आला, विशाखापट्टणमला जायचा. ‘ऑर्डर दोन किलोमीटरवरून आली,’ मामी सांगते, ‘आणि माणूस गेला हजार मैलांवर.’

समुद्र निघाला तलाव!

मामा साताऱ्याकडचा. तिकडे घराघरात एक फौजी, पण सगळे आर्मीवाले. नेव्ही कोणाला माहीतच नव्हती. भरतीची जाहिरात पेपरमध्ये आली, वय बसत होतं, मामाने फॉर्म टाकला आणि ट्रेनिंगला ओडिशात पोचला. ‘मला वाटलं, आता समुद्र बघायला मिळणार. बघतो तर समोर अथांग पाणी. मी खूश! दुसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टर म्हणाला, हा समुद्र नाही, चिल्का सरोवर आहे.’

आयएनएस चिल्का १९८० पासून आहे, आणि नव्या सेलरचं पहिलं ट्रेनिंग तिथेच होतं. परेड, पोहणं, दोरखंड, होडी वल्हवणं आणि सकाळी अंधारात उठणं. त्यानंतर ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे वाटा फुटतात. इंजिनवाले लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत, इलेक्ट्रिकलवाले जामनगरच्या वलसुराला, तोफांवाले कोचीच्या द्रोणाचार्यला, स्टोअर आणि अकाउंट्स सांभाळणारे आपल्या मालाडच्या हमलाला. २६ जानेवारीच्या परेडमध्ये नौदलाचा बँड वाजतो ना? त्या वादकांची शाळा कुलाब्याला, आयएनएस कुंजालीत.

मामा झाला इंजिन मेकॅनिक. नेव्हीत या जमातीला अजूनही ‘स्टोकर’ म्हणतात, म्हणजे कोळसा टाकणारे. कोळसा कधीच गेला, नाव चिकटून राहिलं.

आपल्याकडे एक्झिक्युटिव्ह, मॅनेजर, सीनियर मॅनेजर अशी शिडी असते, तशी त्यांची. सीमन सेकंड क्लास, सीमन फर्स्ट क्लास, लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर आणि मग मास्टर चीफ पेटी ऑफिसर, सेकंड आणि फर्स्ट क्लास. ४ डिसेंबर २०२३ च्या नौदल दिनाला सिंधुदुर्गात पंतप्रधानांनी या हुद्द्यांना भारतीय परंपरेतली नावं देण्याची घोषणा केली होती. मामाच्या पिढीच्या तोंडात मात्र ‘पीओ’ आणि ‘चीफ’च बसलंय.

हुद्दा बदलतो तसा खांद्यावरचा आणि बाहीवरचा बिल्ला बदलतो, कपडे बदलतात, जेवायची मेस बदलते. हुशार आणि चिकाटीच्या सेलरला परीक्षा देऊन ऑफिसरही होता येतं. पण ते दार अरुंद. मामाने दोनदा धडक दिली, दोन्ही वेळा राहिलं. ‘इंग्लिशने मारलं,’ एवढंच म्हणाला आणि रस्सा वाढायला उठला.

बॉयलर रूममधली नाइट शिफ्ट

तुम्ही कॉल सेंटरची नाइट शिफ्ट केलीय? मी केलीय, सहा महिने, आणि त्याबद्दल अजून लोकांची सहानुभूती मिळवते. मामाने वॉचचं गणित सांगितलं तेव्हापासून बंद केलं.

जहाज समुद्रात असताना दिवस चार-चार तासांच्या ‘वॉच’मध्ये कापलेला असतो. चार तास ड्युटी, आठ तास सुटका. पण सुटका म्हणजे झोप नव्हे. त्यातच साफसफाई, दुरुस्ती, ड्रिल, ट्रेनिंग. मग एकाच माणसाच्या वाट्याला रोज रात्री बारा ते चार येईल ना? तसं होऊ नये म्हणून संध्याकाळी चार ते आठचा वॉच मधोमध तोडून दोन-दोन तासांचे दोन करतात. त्यांना ‘डॉग वॉच’ म्हणतात. सहाऐवजी सात वॉच होतात आणि पाळी रोज पुढे सरकते. शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी काढलेली ही आयडिया, कुठल्याही एचआर मॅनेजरने शिकावी अशी!

मामाची सगळ्यात लाडकी पोस्टिंग विराट. दीड हजारांहून जास्त माणसांचं तरंगतं गाव. जहाज मूळचं ब्रिटिश, ‘हर्मिस’ नावाने १९५९ मध्ये त्यांच्या नौदलात आलं आणि १९८७ मध्ये आपलं ‘विराट’ झालं. मामापेक्षा वयाने मोठं. चालायचं वाफेवर, म्हणजे बॉयलर आले. वर डेकवर विमानं उतरताहेत, टीव्हीवाले शूटिंग करताहेत, आणि खाली मामा घामाने निथळत गेजवर डोळे लावून उभा. ‘वर आकाश कसं आहे हे आम्हाला जेवायला आल्यावर कळायचं.’

झोपायला तीन मजली बंक. वरच्याच्या गादीचा तळ तुमच्या नाकासमोर. सामानाला एक छोटा लॉकर. भांडण झालं तरी उठून जायला जागा नाही, म्हणून भांडण मिटवावंच लागतं. आपण फ्लॅटमेटने दूध संपवलं म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुप सोडतो!

जेवणाचे आकडे ऐकून मी थक्क झाले. विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर सुमारे सोळाशे माणसं. महिन्याला जवळजवळ एक लाख अंडी, वीस हजार लिटर दूध आणि सोळा टन तांदूळ लागतात. हे सगळं शिजवणारेही सेलरच, आणि जहाज डोलत असताना, बरं का!

आणि फोन? मामाच्या काळात बंदरात उतरलं की एसटीडी बूथची लाइन. आता स्मार्टफोन आहेत, पण डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीचं प्रकरण उघड झालं. सोशल मीडियावर मुलींच्या नावाने जाळ्यात ओढून सेलरकडून माहिती काढली जात होती. त्यानंतर नौदलाने फेसबुकवर आणि तळांवर, जहाजांवर स्मार्टफोन वापरण्यावर बंदी घातली. विशी-बाविशीतल्या पोराने इन्स्टाशिवाय राहायचं. मी मामेभावाकडे बघितलं. तो तेव्हा रील बघत होता.

मामीची नेव्ही

इतका वेळ मामी किचनमधून ऐकत होती. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘आता माझी नेव्ही ऐक.’

मामीच्या नेव्हीत जहाज नव्हतं. क्वार्टरची वेटिंग लिस्ट होती. गॅसचा नंबर, शाळेची अॅडमिशन, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि तापाने फणफणलेलं पोर घेऊन रात्री रिक्षा शोधणं होतं. हा मुलगा जन्मला तेव्हा मामा समुद्रात होता. बातमी चार दिवसांनी पोचली. पहिल्यांदा बाप घरी आला तेव्हा पोरगं तीन महिन्यांचं, आणि अनोळखी मिशी बघून त्याने भोकाड पसरलं.

‘पण एक सांगते,’ मामी म्हणाली, ‘बाजूची एक बाई मल्याळी, एक बिहारची, एक पंजाबची. नवरे सगळ्यांचे बाहेर. डिलिव्हरीला मला पंजाबीण घेऊन गेली. नातेवाईक नंतर आले.’

आणि भीती? ती बोलायची पद्धत या घरात नाही. १४ ऑगस्ट २०१३ ला मध्यरात्र उलटताच मुंबईच्या डॉकयार्डात सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले, अठरा जण गेले. मामा तेव्हा पाणबुडीवर नव्हता, दुसऱ्या जहाजावर होता. तरी मामीने दिवसभर टीव्ही बंद ठेवला होता. १८ जानेवारी २०२२ ला रणवीरवर स्फोट होऊन तीन नौसैनिक गेले, तेव्हा मामा रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. तो त्या रात्री जेवला नाही. युद्ध नाही, शत्रू नाही, जहाज धक्क्याला लागलेलं. पण जहाज म्हणजे शेवटी तेल, दारूगोळा आणि वीज यांच्यावर झोपणं. याची जाणीव १९७१ च्या खुकरीपासून प्रत्येक सेलरच्या घराला आहे. त्या एका जहाजाबरोबर १८ ऑफिसर आणि १७६ सेलर बुडाले होते.

चार वर्षांचं पॅकेज

मग एवढं करून मिळतं काय? इथे मामाचा आणि त्याच्या मुलाचा हिशेब वेगळा होतो. सगळं भांडण तिथेच आहे.

मामा भरती झाला तेव्हा सुरुवातीचा करार पंधरा वर्षांचा असायचा. विसाव्या वर्षी लागलात तर पस्तिसाव्या वर्षी पेन्शनसकट मोकळे. पुढे सेवा वाढवून मिळत असे, मामाने घेतली. मेडिकल, कँटीन, माजी सैनिकांचं आरक्षण वेगळं. आज मामा बीकेसीतल्या एका काचेच्या टॉवरमध्ये तळघरात असतो, एसीच्या चिलर प्लँटचा सुपरवायझर म्हणून. तुम्ही मीटिंगमध्ये ‘टेम्परेचर जरा कमी करा ना’ म्हणता ना, ते कमी करणारा माझा मामा! पगार अधिक पेन्शन, म्हणून तर मानखुर्दचा हा वन बीएचके झाला.

१४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि हा हिशेब बदलला. आता सेलर म्हणून जायचं तर अग्निवीर म्हणूनच. मुदत चार वर्षं. पगार पहिल्या वर्षी महिना ३० हजार, मग ३३ हजार, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातले ३० टक्के कापून ‘सेवानिधी’त जातात आणि तेवढीच भर सरकार घालतं. म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१ हजार. चार वर्षांनंतर व्याजासकट साधारण ११ लाख ७१ हजार, करमुक्त. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम ठेवणार, बाकीचे बाहेर. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा. बाहेर पडणाऱ्यांसाठी निमलष्करी दलांत आरक्षण जाहीर झालंय. चार वर्षं लग्नही करायचं नाही, पण त्यावर घरात कोणाचं भांडण नाही!

नेव्हीची पहिली अग्निवीर तुकडी २०२२ च्या अखेरीला चिल्कात दाखल झाली. २८ मार्च २०२३ ला तिची पासिंग आउट परेड झाली, सूर्यास्तानंतर, दिव्यांच्या उजेडात. सुमारे २६०० जणांत २७० हून जास्त मुली होत्या. हे वाचताना मी थांबले. कारण मी बारावी झाले तेव्हा मुलींना सेलर होताच येत नव्हतं. ऑफिसर होता यायचं, सेलर नाही. आमच्या घरात ही चर्चा माझ्याबद्दल कधी झालीच नाही, कारण होण्यासारखी नव्हती.

मामाचं म्हणणं सरळ आहे. ‘पहिली चार वर्षं म्हणजे काय? वर्षभर ट्रेनिंग. मग जहाजावर पाय स्थिर व्हायला वर्ष. मशीन कळायला लागतं तेव्हा हे घरी पाठवणार. मला स्टोकर व्हायला दहा वर्षं लागली. बावीस वर्षांचं पोर परत येणार, डिग्री नाही, पेन्शन नाही. मी कोणाकडे घेऊन जाऊ?’

मला वाटलं, मुद्दा बिनतोड आहे. मी भाषण सुरू करणार, एवढ्यात मामेभावाने मोबाइल खाली ठेवला.

‘ताई, तुझा कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचा आहे?’

मी गप्प. मी फ्रीलान्सर आहे. माझा कॉन्ट्रॅक्ट एका स्टोरीचा असतो. ही स्टोरी संपली की हा कॉन्ट्रॅक्टही संपला!

‘तुझी पेन्शन किती? ग्रॅच्युइटी? माझ्या मित्राचा भाऊ इंजिनीअर झाला, चार वर्षं आणि बारा लाख घालून. आता घरी बसलाय. मी चार वर्षं घालणार आणि बारा लाख घेऊन येणार. आणि सिलेक्ट झालो पंचवीस टक्क्यांत, तर पप्पांसारखा.’

मामा म्हणाला, ‘आणि नाही झालास तर?’

‘तर ताईसारखा.’

सगळे हसले. मीपण. पण घरी जाताना लोकलमध्ये ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मामाची पिढी एका सहीवर पंधरा वर्षं उभी राहायची. आम्हाला चार वर्षांचा करार मिळाला तर आम्ही पेढे वाटू. मग चूक कोणाची, पोराची की काळाची? मामाला भीती वाटते ती समुद्राची नाहीच. ती गेटबाहेर पडल्यानंतरच्या जमिनीची आहे. आणि त्या जमिनीवर मी ऑलरेडी उभी आहे.

मी मामाला फोन केला. म्हटलं, ‘मला नाही समजावता येणार.’ तो म्हणाला, ‘बरं.’ आणि ठेवला.

साडेसहा मिनिटं

लेखी परीक्षेनंतर फिजिकल असते. मुलांना १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत धावायचं असतं, मुलींना आठ. मामेभावाने रोज सकाळी पळायला सुरुवात केली. एका शनिवारी मी मुक्कामाला होते, म्हणून मोबाइलचा स्टॉपवॉच घेऊन गेले. मानखुर्दची सकाळ, खाडीचा वास, पहिली लोकल पुलाकडे खडखडत निघालेली. पोरगं धापा टाकत आलं. सहा मिनिटं, बेचाळीस सेकंद.

‘मी आठात नक्की बसले असते,’ मी म्हटलं. ‘मग पळ ना,’ तो म्हणाला. पळाले. किती लागली ते इथे छापणार नाही!

रविवारी सकाळी आम्ही निघालो तर दारात मामा उभा. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, बंदरातल्या धुळीने पिवळे पडलेले. म्हणाला काहीच नाही. रस्त्याच्या कडेला हात मागे बांधून उभा राहिला, गेजवर डोळे लावल्यासारखा. पोरगं दुसऱ्या वळणावरून आलं तेव्हा फक्त एकदा ओरडला, ‘हात खाली! खांदे सोड! श्वास नाकाने!’

सहा मिनिटं, चौतीस सेकंद.

‘चार सेकंद राहिले,’ मी म्हटलं.

‘चार सेकंद काढू,’ मामा म्हणाला. ‘चार वर्षांचं नंतर बघू.’ आणि दूध आणायला निघाला. लिबर्टीवर.